जीव टाकणे आणि जीव कामी येणे

कीर्तन आटोपून आम्ही फेटा उतरवतो न उतरवतो तोच एका माउलींनी विचारले, "महाराज, कप्तान मुल्लांनी नौकेबरोबर जलसमाधी घेतली, ती तुम्ही धन्य म्हणालात. पण घरी बायकामुले असता जीव टाकणे हा आत्मघात नव्हे काय?" प्रश्न खोल आहे, आणि सरळ मनाने विचारलेला आहे.

आधी हकिकत पाहू. महेंद्रनाथ मुल्ला उत्तर प्रदेशातील गोरखपूरचे, जन्म १९२६ चा. १९४८ साली ते नौदलात अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धात 'खुखरी' ही युद्धनौका त्यांच्या हुकमतीखाली होती. ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीचा शोध चालू असता, 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने नौका फुटली आणि काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी व १७६ नाविक गेले.

कप्तानांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला. आपले जीवरक्षक जाकीट एका नाविकास देऊन टाकले. जमतील तितकी माणसे उतरवली, आणि मग ते पुन्हा ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या वरच्या जागी, गेले. कशासाठी? आणखी कोणास वाचवता येते का, हे पाहण्यासाठी. मरणोत्तर मिळालेल्या महावीरचक्राच्या मानपत्रात हेच नोंदले आहे.

तेव्हा सज्जनहो, 'जलसमाधी घेतली' हा आमचाच शब्द चुकला. समाधी घेणारा आपला देह ठेवावयास जातो. हे गेले ते दुसऱ्याचा देह राखावयास. कर्म हेतूवरून ओळखावे, शेवटावरून नव्हे. अहो, चंद्रभागेच्या पुरात नाव डगमगली तर नावाडी आधी उडी टाकून काठ गाठील काय? पोहता त्यालाच उत्तम येते. पण माणसे नावेत बसली ती त्याच्या भरवशावर.

राहिले घरचे ऋण. ते फिटले, असे आम्ही म्हणणार नाही. पत्नी व मुली मागे राहिल्या. ती उणीव कोणत्याही मानपत्राने भरत नाही. पण नौकेवरच्या प्रत्येक नाविकाचीही कोणीतरी घरी वाट पाहत होतेच. दोन धर्म समोरासमोर आले की एक पाळताना दुसऱ्याचे दुःख उरतेच. दुःख उरले म्हणून धर्म चुकला, असे होत नाही.

दीवला खुखरीचे स्मारक आहे. कोणी तिकडे गेलात तर एका कप्तानासाठीच नव्हे, त्या सर्वांसाठी हात जोडा.