लगाम आणि चाबूक

सज्जन हो, कठोपनिषदातले रथाचे रूपक तुम्ही कीर्तनात पुष्कळदा ऐकले असेल. शरीर हा रथ, जीव हा रथातला धनी, बुद्धी सारथी, मन हा लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे रस्ते. पण एक गोष्ट बहुधा आपल्या ध्यानात येत नाही. श्रुतीने एकेक अंग मोजून सांगितले, त्यात चाबूक सांगितला नाही. लगाम आहे, चाबूक नाही! आणि आपण काय करतो? मन ऐकेना झाले की आधी चाबूक शोधतो.

श्रुती पुढे सांगते की बुद्धी ठिकाणावर नसेल तर इंद्रिये दुष्ट घोड्यांसारखी अनावर होतात, आणि असेल तर चांगल्या घोड्यांसारखी वश राहतात. मग दुष्ट घोडा चांगला होतो कसा? भयाने की विश्वासाने? हा प्रश्न जितका पोथीतला तितकाच पागेतलाही आहे. म्हणून ज्यांनी रानटी घोडे माणसाळवले, त्यांनाच तो विचारू.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माळांवर मस्टँग नावाचे मोकाट घोडे आहेत. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश लोकांनी नेलेले घोडे सुटले, रानात वाढले, त्यांची ही प्रजा. पुढे इतर घोडेही तीत मिसळले. १९७१ साली तेथील सरकारने कायदा करून त्यांना संरक्षण दिले. परंतु चारा-पाणी थोडे आणि कळप वाढते, म्हणून काही घोडे दरसाल धरून आणतात व पाळण्यास देतात. असा घोडा चारशे किलोंच्या आसपास भरतो, आणि जन्मात त्याने माणसाचा हात अंगाला लावून घेतलेला नसतो. आता त्याला शिकवायचे कसे?

जुनी रीत अशी. फास टाकून घोडा पाडायचा, खांबाला आवळायचा, जबरीने खोगीर कसायचे, आणि तो उधळून उधळून दमेपर्यंत स्वाराने टाचा मारीत बसायचे. या क्रियेला इंग्रजीत शब्दच मुळी ‘ब्रेकिंग’, म्हणजे मोडणे, असा आहे. आपल्याकडेही घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत, नावातच चाबूक! घोडा मोडला की उभा राहतो, हे खरे. पण तो उभा राहतो कशामुळे? पळायला वाट उरली नाही म्हणून. वाट दिसू द्या, मग पाहा!

दुसरी रीत विसाव्या शतकात तेथे टॉम डॉरन्स आणि त्यांच्याकडून शिकलेले रे हंट यांनी पुष्कळांना दाखवली. पण तिच्यामागचा विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधल्या झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. जबरीने करवलेले घोड्याला उमजत नाही आणि त्यात शोभाही नसते, असा त्याचा अभिप्राय आहे. या रीतीत घोड्याला गोल कुंपणात मोकळा सोडतात व माणूस मध्ये उभा राहतो. घोडा भोवती पळतो. पळता पळता त्याचा एक कान माणसाकडे वळला, पाऊल जरा मंदावले, की माणूस त्या क्षणी नजर खाली घेतो, अंग वळवतो, दाब काढतो. घोडा थांबतो, विचारात पडतो, हळूहळू जवळ येतो. यातले मर्म ध्यानात घ्या. घोडा ओढण्याने शिकत नाही; ओढ सैल होते त्या क्षणाने शिकतो. सैल कधी करायचे, हे ज्या हाताला कळते तोच शिकवणारा हात.

येथे कोणी म्हणेल, “महाराज, मग काय मोकाटच सोडायचं?” नाही हो! दोर हातातच असतो. मागणे हलके असते, पण ते सोडून दिलेले नसते. प्रेम म्हणजे ढिलाई नव्हे आणि शिस्त म्हणजे मार नव्हे.

अलेक्झांडर, ज्याला आपण शिकंदर म्हणतो, त्याची गोष्ट प्लुटार्कने लिहिली आहे. ब्युसेफालस नावाचा घोडा कोणालाच अंगाला हात लावू देईना. कुमार शिकंदराने पाहिले की तो स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, थोपटले, आणि स्वार झाला. इतरांना दुष्टपणा दिसला, त्याला भय दिसले. तोच घोडा पुढे वितस्तेपर्यंत आला. पण इसवी सनापूर्वी ३२८ साली याच शिकंदराने भर मेजवानीत मद्य आणि क्रोध यांच्या भरात क्लायटसला भाल्याने ठार केले. सहा वर्षांपूर्वी रणात शिकंदराचा जीव वाचवला तो याच क्लायटसने! घोड्याची सावली दिसली, स्वतःची दिसली नाही.

आपले तरी काय वेगळे? निर्जळी एकादशी करायची आणि तिन्हीसांजेला सुनेवर खेकसायचे. हा मोडलेला घोडा. वाट दिसली की उधळला. गीतेत भगवंतांनी सांगितले की चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून त्याला परत आणावे. परत आणावे, झोडपावे नव्हे. नामात मन हललेले कळले की पुन्हा नामावर आणा. आले की त्याला दोष देत बसू नका.

एकदा एका बापाने आम्हांला सांगितले, “पोराला छडीशिवाय वळण लागत नाही.” आम्ही विचारले, “तुमची पाठ वळल्यावर ते वळण राहतं का?” तो गप्प झाला. बाबांनो, रानातून घोडा आणला तेव्हा आपण त्याचे स्वातंत्र्य घेतले. ते ऋण आहे. निर्भयपणा दिल्याशिवाय ते फिटत नाही. पोर, शिष्य, सून, घरचा गडी, ज्याचा ज्याचा लगाम आपल्या हाती आला, त्या प्रत्येकाचे हे देणे आपल्याकडे लागते.

आषाढीच्या वाटेवर रिंगण पाहता ना? टाळमृदंगांचा कल्लोळ, लाखोंचा समाज, आणि माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना धावतो. केवळ माराने धरलेला घोडा त्या गजरात बुजल्याशिवाय राहील का? त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावताना एवढे स्वतःला विचारावे, की आपल्या हातातला चाबूक टाकला, तर आपल्यामागे कोण राहील?

रामकृष्णहरि.