पान्हा न फुटल्यास दोष कोणाचा?

'पान्हा' या शब्दास आपल्या भाषेत दोन अर्थ जडले आहेत. आईच्या स्तनात उतरणारे दूध तो पान्हा, आणि लेकरास पाहून मनात दाटणारी माया तोही पान्हाच. शब्द गोड आहे; परंतु त्यातून एक कठोर न्याय निघतो. ज्या बाळंतिणीस दूध पुरत नाही, तिला शेजारीण सहज म्हणून जाते, "मायाच नसेल, तर पान्हा कोठून फुटावा?" मग घरात दूधभुकटीचा डबा आला, की त्या आईवर शिक्काच बसतो. हा न्याय खरा आहे काय, याचा वाचकांनी आमच्याबरोबर विचार करावा.

मुलाचे रडणे ऐकून दूध उतरते, हे खरे. पण दूध तयार होते ते मुख्यतः चोखण्याने. जितके ओढले जाते, तितके नवे येते. मुलाच्या तोंडात केवळ स्तनाग्र गेले, भोवतालचा काळसर भाग गेला नाही, तर दूध नीट निघत नाही, स्तनाग्रास चिरा पडतात, वेदनेने आई मुलास दूर करते आणि दूध आटू लागते. पहिल्या दिवसांचा पिवळा चीक पिळून टाकणे, मुलास पाणी किंवा मध चाटवणे, बाळंतपणातील अतिरक्तस्राव, ही कारणेही असतात. काही थोड्या स्त्रियांस सर्व उपाय करूनही दूध पुरत नाही. यात मायेची उणीव कोठे आहे?

आणखी एक कारण आपल्या जिल्ह्यातच पाहावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस जातात. ओली बाळंतीण पहाटे फडात उतरते, आणि तान्हे मूल कोपीत थोरल्या बहिणीच्या मांडीवर राहते. दिवसभर मूल अंगावर नसेल, तर दूध आटणारच. तेथे दोष आईचा, की तिला विसावा न देणाऱ्या व्यवस्थेचा?

परंतु डबा आणि आईचे दूध सारखेच, असे आम्ही म्हणत नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हाच वैद्यकाचा निर्णय आहे. भुकटीच्या जाहिरातींनी फार हानी केली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली नियम घातले. आपल्या देशात 1992 साली कायदा होऊन अशा जाहिरातींस बंदी झाली, व 2003 साली तो अधिक कडक झाला. मात्र लक्षात असावे, की या कायद्याने व्यापाऱ्याचा हात धरला आहे. आईस आरोपी केलेले नाही.

म्हणून दूध कमी वाटल्यास प्रथम मुलास वारंवार अंगावर पाजावे, आणि परिचारिकेकडून पाजण्याची रीत पाहून घ्यावी. मूल दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध बहुधा पुरते आहे. वजन वाढत नसेल, तर विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे. त्यांनी भुकटी सांगितल्यास आधी अंगावर पाजून मग ती द्यावी. पाणी उकळलेले, माप डब्यावर छापलेलेच, आणि बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमचा असावा. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ करणे म्हणजे मुलास पोट भरल्याचा भास देऊन उपाशी ठेवणे होय.

दुसऱ्याच्या दुधाने मूल वाढणे ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. रिबकेची दाई दबोरा मेली तेव्हा जिच्या छायेत तिला पुरले, त्या झाडास रुदनाचे नाव पडले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी उघडली. तेथे एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बालकास मिळते, आणि कोणी कोणास दोष देत नाही.

जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम आरंभिले, तेव्हा त्यांनी गावातील साध्या, बहुधा निरक्षर स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतिणीच्या उंबऱ्यावर बसणारी तिच्याच गावची बाई जे समजावू शकते, ते दुरून केलेल्या उपदेशाने होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

रायगडाच्या हिरकणीची कथा आपण मुलांस सांगतो. तिला दूध किती होते, हे कोणी विचारीत नाही. तान्ह्यासाठी ती कडा उतरली, एवढेच आपण स्मरतो. मध्यरात्री चुलीपाशी पाणी उकळून चमच्याचमच्याने मूल जगवणारी आईही आपला कडा उतरतच असते. आपल्या गावात अशी बाळंतीण असेल, तर या आठवड्यात तिच्या घरी जावे. तिचे दळण आणावे, पाणी भरावे, थोरले मूल सांभाळावे, आणि तिने निश्चिंतपणे मुलास जवळ घ्यावे इतका वेळ तिला द्यावा. दोष देणे त्याहून सोपे आहे खरे, पण त्याने दूध वाढत नाही.