चवीची साक्ष

उपाहारगृहात जेवण आटोपते, बडीशेपेच्या बशीतून बिल येते आणि गल्ल्यावर बसलेला मालक विचारतो, "जेवण कसे होते?" आपण उत्तर देतो, "छान होते." आमटी अळणी होती, भाकरी गार होती, तरीही ‘छान’च. रस्त्यावर आल्यावर मात्र आपली जीभ सैल सुटते आणि त्याच जेवणाचे वाभाडे निघतात. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा न्यायालयापुरतीच असती, तर या प्रसंगाचा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु साक्ष तर आपण रोजच देत असतो, आणि येथे तर ती आपल्याला मागितलेली असते.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. 395 च्या सुमारास असत्यभाषणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि चांगल्या हेतूने बोललेले असत्यही असत्यच, असा निर्वाळा दिला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले: दुसऱ्याला अपाय करणारे, थट्टेने बोललेले आणि कोणाच्या तरी भल्यासाठी बोललेले. शेवटची दोन ही मोठी पापे नव्हेत, असे ते म्हणतात. ती निर्दोष आहेत, असे मात्र म्हणत नाहीत. आपले ‘छान’ तिसऱ्या प्रकारात मोडते, अशी आपली समजूत असते. परंतु त्यात भले नेमके कोणाचे होते?

समजा, आपल्याच धर्मग्रामातील एका तरुण दांपत्याने पतपेढीचे कर्ज काढून खाणावळ सुरू केली. पहिल्या महिन्यात सारे आप्तेष्ट आणि शेजारी जेवून गेले. कोलंबीच्या कालवणात चिंचेचा कोळ अंमळ अधिक पडत होता, दुपारी गर्दी झाली की भात कच्चा राहत होता. प्रत्येकाने हात पुसता पुसता "उत्तम" म्हटले आणि पुन्हा कोणी फिरकले नाही. वर्षभरात खाणावळ बंद पडली, कर्जाचे हप्ते तेवढे उरले. चिंच कमी करणे काही अवघड नव्हते. कोणी सांगायला हवे होते. आपण तोंडाने खोटे बोललो आणि पायांनी खरे बोललो. पायांची भाषा त्या दोघांना कळेपर्यंत उशीर झाला होता.

यावर कोणी म्हणेल, पानातल्या अन्नाला नावे ठेवू नयेत, असे आपले वाडवडील शिकवीत आले. ते योग्यच आहे. घरचे अन्न हे दान असते आणि दानाला कृतज्ञता हेच उत्तर शोभते. खाणावळीत मात्र आपण मोल देतो, आणि आपली कला सुधारू इच्छिणारा माणूस आपल्याला प्रश्न विचारतो. त्याला उत्तर देणे हा त्याच्या कष्टांचा मान आहे. संत थॉमस सौजन्याला न्यायाचाच एक भाग मानतात. परंतु पुढे काही हित साधणार असेल, तर सज्जन मनुष्य समोरच्याला थोडे दुःख देण्यासही कचरत नाही, असेही ते सांगतात.

तथापि सत्य कोणाच्या कानी घालावे, यालाही महत्त्व आहे. बंधूचा अपराध प्रथम त्याला एकांतात दाखवावा, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. चिंच अधिक पडणे हा काही अपराध नव्हे, पण क्रम तोच उचित. हल्ली मोबाइलवर पाचांपैकी तारे देण्याची सोय झाली आहे. गल्ल्यावर ‘छान’ म्हणणारा गृहस्थ घरी जाऊन एकच तारा देतो आणि जे मालकाला सांगितले नाही ते जगाला सांगतो. योग्य कारणावाचून दुसऱ्याचे दोष इतरांपुढे उघड करणे हे, ते दोष खरे असले तरीही, पापच होय, असे 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो.

ताटामागे माणूस उभा असतो, याचा विसर पडू नये. बर्नार लोइझो हे फ्रान्समधील ख्यातनाम बल्लवाचार्य. 1991 साली त्यांना मिशलिन मार्गदर्शिकेचा तिसरा तारा लाभला. 2003 साली दुसऱ्या एका मार्गदर्शिकेने त्यांचे गुण 20 पैकी 19 वरून 17 वर आणले. त्यांचा तारा जाणार, अशी कुजबुजही सुरू झाली. त्या फेब्रुवारीत त्यांनी आपले जीवन संपविले. ते नैराश्याने ग्रस्त होते. म्हणून दोन गुणांनी त्यांचा बळी घेतला, असे म्हणणेही सत्याला सोडून होईल. परंतु ते तिन्ही तारे कायमच होते, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते.

याचा अर्थ सर्वत्र मौन पाळावे, असा नाही. मासळी शिळी असेल, तेल खवट असेल, तर प्रश्न रुचीचा राहत नाही. शेजारच्या टेबलावरील लेकराच्या आरोग्याचा होतो. तेथे मालकाला स्पष्ट सांगावे. तो ऐकत नसेल, तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये तक्रार करणे हेही शेजारप्रीतीचेच कृत्य आहे. मात्र ज्याने अन्न रांधलेच नाही त्या वेटरवर आवाज चढवू नये. कदाचित त्या मुलाचा पगार कापला जाईल.

काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला. तो कोठून आला, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने कोणाची भीड धरली नाही, की पाहुण्यांत कुजबुज केली नाही. वराला बोलावून जे जिभेला जाणवले तेच सांगितले. ती स्तुती होती आणि ती खरी होती. खरी स्तुतीही आपण पुष्कळदा गिळून टाकतो. भटारखान्यात धुरात उभ्या असलेल्या आचाऱ्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

पुढच्या खेपेस मालकाने विचारले, तर म्हणावे, "भाकरी फार सुरेख होती, आचाऱ्याला आवर्जून सांगा. कालवण मात्र मला थोडे आंबट वाटले." ‘मला वाटले’ हे शब्द गाळू नयेत, चव प्रत्येकाची निराळी असते. आणि महिन्याभराने, कालवण कसे झाले आहे ते पाहायला, पुन्हा जावे.