अवज्ञेने दिलेले औषध

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन भेद सांगितले आहेत. भलत्या स्थळी, भलत्या वेळी, अपात्रास दिलेले दान तामस, हे कोणासही सहज पटते. परंतु सत्काराविना आणि अवज्ञेने दिलेले दानही भगवंतांनी तामसातच गणले आहे. शंकराचार्य तर भाष्यात स्पष्ट करतात की, देशकाल यथायोग्य असले तरी प्रिय वचनावाचून दिलेले दान या दोषातून सुटत नाही.

रुग्णालयातील उपचार हे दान नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. रुग्ण पैसे मोजतो, किंवा श्रमाने त्याचा हक्क मिळवितो. आक्षेप खरा आहे. पण त्याने दोष हलका होत नाही, उलट वाढतो. याचकाची अवज्ञा जर निंद्य, तर हक्काने आलेल्याची अवज्ञा त्याहून निंद्य नव्हे काय?

दुर्गजवळील भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येई. हा भाग तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होता. 2012 पासून तो बालोद जिल्ह्यात आहे. खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या हजारो स्त्री-पुरुषांना कायम कामगारांसारखी वैद्यकीय सोय नव्हती. त्यांच्या संघटनेची उपाध्यक्षा कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी योग्य उपचारांवाचून मरण पावली. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील या मजुरांनी तेव्हा केवळ शोक केला नाही. त्यांनी वर्गणी काढली, अंगमेहनत केली आणि 1983 साली स्वतःचे रुग्णालय उभारले. 1977 च्या गोळीबारात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव शहीद रुग्णालय ठेवले. बाहेरून डॉक्टर येऊन तेथे राहिले. मजुरांतीलच माणसे शुश्रूषेचे काम शिकली. चरकाने परिचारकाच्या गुणांत ज्ञान, दक्षता व शुचित्व यांच्या जोडीने अनुराग, म्हणजे रुग्णाविषयीचा स्नेह, का गणला असावा, हे अशा ठिकाणी उमगते. खाटेवरचा मनुष्य तेथे परका नव्हता.

पण खरी अडचण येथूनच पुढे सुरू होते. गावोगावच्या रुग्णांप्रमाणे येथील रुग्णांचाही सुई, टॉनिक आणि सलाइन यांवर गाढ विश्वास. सुई टोचली नाही तर उपचार झालाच नाही, अशी समजूत! या रुग्णालयातील डॉक्टरांनी मात्र अनावश्यक सुया आणि औषधे यांविरुद्ध प्रचार चालविला. जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी घरीच करून पाजण्यास शिकविले. मग रुग्णाचे समाधान ही सेवेची कसोटी मानावी की नाही? हल्ली मोठ्या शहरांतील रुग्णालये घरी जाताना हातात एक कागद देतात आणि आपण संतुष्ट आहात काय, असे विचारतात. त्या कागदावर सुई मागणारा रुग्ण काय लिहील?

मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कोणते औषध द्यावे, हे रुग्णाच्या आवडीने ठरू नये. आरंभी कडू वाटणारे पुढे अमृतासमान होते, हे गीतेनेच अठराव्या अध्यायात सांगितले आहे. परंतु आपणास कसे वागविले गेले, याचा साक्षी रुग्णावाचून दुसरा कोणी असू शकत नाही. तेथे त्याचाच शब्द प्रमाण.

अर्जुनाचेच पाहा. रणातून निघून जाण्याची त्याची मागणी भगवंतांनी मान्य केली नाही. पण त्यास झिडकारलेही नाही. त्याच्या शंका पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे म्हटले. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी कितीशा रुग्णांना इतके ऐकविले जाते? आणि त्यांचे कोण ऐकते?

डॉक्टरांकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपण गृहस्थही तेथे नातेवाईक म्हणून जातोच. परिचारिकेवर आवाज चढवितो, भेटीची वेळ संपली तरी उठत नाही. घरातील एका आजारपणात मी आठ दिवस वॉर्डात बसून होतो. भांडे उचलणारी, लादी पुसणारी बाई दिवसातून चार वेळा येई. तिचे नाव विचारावे, असे मला नवव्या दिवशी, घरी परतल्यावर सुचले.