खिडकी स्वहस्ते

घरातली कोणती कामं माणसाने स्वतः करावीत आणि कोणती दुसऱ्याकडून करून घ्यावीत, याचा नियम कुणीच सांगून ठेवलेला नाही. स्वतःची दाढी स्वतः करणारा टापटिपीचा ठरतो, आणि स्वतःचे केस स्वतः कापणारा चिक्कू. ट्यूबचा स्टार्टर बदलणाऱ्या गृहस्थाचं घरात कौतुक होतं. पण तोच गृहस्थ खिडकी बदलायला निघाला, की सारी सोसायटी त्याच्याकडे अशी पाहते, जणू त्याने स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढायला घेतलंय.

आमची खिडकी १९७४ सालची. चौकट सागवानी, झडपा मात्र कुठल्याशा स्वस्त लाकडाच्या. हा फरक बिल्डरने कुणाला सांगितला नव्हता. पण वाळवीने तो अचूक ओळखला. चौकटीचं तळचं आडवं लाकूड पन्नास पावसाळ्यांनी कुजवलं. घर तळमजल्यावर, म्हणजे पडायची भीती फक्त खिडकीला. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी तयार करून आणायची आणि बसवायची आपण, असं मी जाहीर केलं. “अहो, पण बसवायचे पैसे वाचवून करणार काय?” सौ.ने विचारलं. “ड्रिल मशीन घेईन,” मी म्हणालो. हिशेब तिला पटला नाही, पण समजला.

खरा प्रश्न विचारला तो मिस्त्रींनी. भाव सांगायला आले होते. माझा बेत ऐकून हसत म्हणाले, “बसवा की साहेब. पण तुम्ही सगळे बसवायला लागलात, तर आम्ही काय करायचं?”

ते चहा पिऊन गेले. प्रश्न मात्र आमच्याकडेच ठेवून गेले. आपलं काम आपण करणं हा सद्गुण, की दुसऱ्याच्या ताटातला घास काढणं?

आमच्या सोसायटीत कुठल्याही प्रश्नाला दोन बाजू असतात आणि त्या दोन्ही शेजारचे अण्णाच मांडतात. त्यांनी आधी अ‍ॅडम स्मिथ काढला. १७७६ साली त्याने लिहून ठेवलंय, की कामं वाटून घेतली तर दहा माणसं दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात आणि न शिकलेला माणूस एकटा बसला तर वीसही होत नाहीत. “म्हणून ज्याचं काम त्यानेच करावं!” हे सांगून झाल्यावर त्यांनी त्याच आवाजात गांधीजी काढले. शरीरश्रम हे आश्रमाच्या व्रतांपैकी एक व्रत. “म्हणून आपलं काम आपणच करावं!” मी हातोडी घेऊन मधे उभा.

पण गांधीजींचीच एक गोष्ट मला आठवली. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी कात्री-मशीन विकत आणलं आणि आरशासमोर उभं राहून केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले. केस उंदरांनी कुरतडले काय, म्हणून कोर्टातले मित्र हसले. इथे वाचवायचे होते ते पैसे नव्हेत, मान. स्वावलंबनाची पहिली परीक्षा हीच असावी: आपण नेमकं काय वाचवतोय?

दुसरी परीक्षा अमेरिकेतल्या थोरोची. १८४५ साली त्याने वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी घर बांधलं आणि पुढे पुस्तकात पै-पैचा हिशेब दिला. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यात एक नोंद आहे: काचांसकट दोन जुन्या खिडक्या, २ डॉलर ४३ सेंट. म्हणजे स्वावलंबनाच्या या महर्षीनेही खिडक्या तयारच आणल्या होत्या. कुऱ्हाड उसनी. फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली. कुऱ्हाड आणली त्याहून धारदार करून परत केली, असंही तो सांगतो. ते मला फार आवडलं. ‘स्वतः केलं’ म्हणणाऱ्याच्या मागे किती हात असतात! निदान त्यांची कुऱ्हाड बोथट करून परत करू नये.

आता कामाचं थोडं सांगतो. खिडकीच्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची, उंचीही तीनदा. तिन्ही आकडे वेगळे येतात. त्यांतला सगळ्यात लहान खरा मानायचा आणि त्यातूनही बसवायला थोडी फट वजा करायची. मग दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून तेही सारखे भरले तर चारही कोन काटकोन. आमच्या भिंतीत काटकोन एकही नव्हता. तो बहुधा फक्त भूमितीच्या पुस्तकात राहतो.

जुनी चौकट काढली, तेव्हा भिंतीकडच्या बाजूला पेन्सिलची एक रेघ दिसली. खाच कुठे पाडायची, त्याची खूण. पन्नास वर्षं कुणी न पाहिलेली, आणि सरळ. सांध्यात खिळा नव्हता. खाचेत खुंटी बसलेली आणि अजून घट्ट. कुणाचा हात तो, कुठे नाव नाही.

माझी खिडकी बसायला दोन रविवार लागले. पाचरी मारल्या, पाणसळ लावली, सिलिकॉन भरलं, पावसाचं पाणी बाहेर जाण्याची भोकं मोकळी ठेवली. मिस्त्री हेच काम अर्ध्या दिवसात करतात. मजुरी वाचली, हे खरं. पण आता त्या अर्ध्या दिवसाची किंमत मला ठाऊक झाली आहे. उरलेल्या तीन खिडक्या मिस्त्रींनाच दिल्या, आणि त्यांनी आकडा सांगितल्यावर “काही कमी करा” हे तोंडातून निघेना. सौ. चकित. स्वतः काम करण्याचा खरा तोटा हा! घासाघीस करायची जीभच जाते.

राहिला मिस्त्रींचा प्रश्न. त्याचं पूर्ण उत्तर मला मिळालेलं नाही. सरकत्या खिडकीचं एक आहे: दोन झडपा असल्या तरी एका वेळी अर्धीच उघडते. ही बाजू मोकळी केली की ती बाजू बंद. स्मिथ सरकवावा तर गांधी झाकतात, गांधी सरकवावे तर स्मिथ. पण वारा मात्र येतो. आणि मधूनमधून बाजू बदलत राहिलं, तर घर कुबट होत नाही.