गीत आणि साक्ष

सभ्यता आणि स्वातंत्र्य यांत विरोध उत्पन्न झाला असतां विचारी माणसानें कोणाचा पक्ष घ्यावा, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेंतील हिप-हॉप गीतांनीं तो पुन्हां पुढें आणला आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील कृष्णवर्णीय व लॅटिनवंशीय तरुणांत हा प्रकार उदयास आला. ठेक्यावर यमकबद्ध बोल झपाट्यानें म्हणणें हें त्याचें मुख्य अंग होय. या बोलांत पुरुषांनीं स्त्रियांविषयीं पुष्कळदां हीन भाषा वापरली. १९९३ सालीं क्वीन लतीफा या गायिकेनें अशा शिवीगाळीस व मारहाणीस एका गीतांतून जाब विचारला. त्या गीतास पुढें ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. परंतु १९९६ सालीं लिल किम हिनें आणि २०२० सालीं कार्डी बी व मेगन थी स्टॅलियन यांनीं स्त्रीची कामवासना उघड शब्दांत गायिली, तेव्हां वाद माजला. एक पक्ष म्हणतो, ही स्त्रीची मुक्तता होय. दुसरा म्हणतो, हें जुनेंच दास्य नव्या वेषांत आलें आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें झिडकारण्यासारखें नाहीं. ज्या बाजारांत स्त्रीदेहास भाव येतो, तेथें स्त्रीनें स्वतःच तो मांडला एवढ्यानें बाजार बदलत नाहीं. आमच्या लावणीचेंच उदाहरण घ्या. रामजोशी, होनाजी आदि शाहिरांनीं स्त्रीच्या तोंडीं शृंगार घातला. पण तिच्या मुखांतून प्रकट झाली ती पुष्कळ अंशीं पुरुषाचीच इच्छा. सारांश, तोंड स्त्रीचें असलें म्हणजे वाणीही तिचीच असते, असें नव्हे.

तथापि या गायिकांचा न्याय करतांना त्यांच्या समाजाचा इतिहास विसरून चालणार नाहीं. व्हर्जिनिया वसाहतीनें १६६२ सालीं असा कायदा केला कीं, आई गुलाम असेल तर बाप कोणीही असो, मूल गुलामच. मालकानें दासीवर बलात्कार करावा आणि त्यापासून झालेलें मूल त्याच्याच मालमत्तेंत जमा व्हावें, अशी ही व्यवस्था. १८६५ सालीं गुलामगिरी रद्द झाली. त्यानंतर साठ वर्षांच्या आंत मा रेनी व बेसी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिका आपल्या ब्लूज गीतांतून प्रियकराची निवड व त्याचा त्याग मोकळेपणानें गाऊं लागल्या. ज्यांच्या आजीच्या देहावर परक्याची मालकी होती, त्यांनीं ‘माझी इच्छा माझी आहे’ असें म्हणणें यास केवळ स्वैराचार म्हणतां येईल काय?

आमच्या मतें खरी कसोटी शब्दांच्या सभ्यतेंत नाहीं. ती नकारांत आहे. जिच्या ‘नाहीं’ला किंमत आहे, तिच्याच ‘होय’ला अर्थ येतो. मेगनचीच गोष्ट पाहावी. २०२० च्या ऑगस्टमध्यें तिचें व कार्डी बीचें गीत अमेरिकेंत विक्रीच्या व लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें एका सहव्यवसायी गायकानें तिच्या पायांवर गोळ्या झाडल्या होत्या. तिनें तसें उघड सांगितलें, तेव्हां कित्येकांनीं तिची थट्टा केली व तिला खोटी ठरविलें. डिसेंबर २०२२ मध्यें न्यायालयांत तो गायक दोषी ठरला. पुढील वर्षीं त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली.

हीं गीतें सर्वांच्या रुचीस मानवावींत, असें आम्ही म्हणत नाहीं. लहान मुलांसमोर तीं लावूं नयेत, असें एखाद्या आईबापांस वाटलें तर तें रास्तच आहे. परंतु रुचीचा प्रश्न निराळा व न्यायाचा निराळा. स्त्रीनें काय गावें याची चिंता वाहणाऱ्यांनीं, तिनें सांगितलेलें आपण ऐकतों काय, हें आधीं स्वतःस विचारावें. ज्या समाजास तिचें गाणें हवें आणि तिची साक्ष नको, त्यास तिच्या निर्लज्जतेविषयीं बोलण्याचा अधिकार कोठून प्राप्त होणार?