गाडीतून उतरायला लावणारं खाणं

गाडीत बसल्याबसल्या खाता येईल असं अमेरिकेतलं पहिलं हॉटेल म्हणून डलासच्या ‘पिग स्टँड’चं नाव घेतलं जातं. साल 1921. पुढे तिथल्या उत्तरेच्या बर्फाळ मुलखात अशी ठिकाणं उन्हाळ्यापुरती उघडू लागली: पावात घातलेलं गरम सॉसेज खिडकीतून हातात मिळायचं आणि थंडी पडली की दुकान बंद. खटकचिंचोळीकडे, भालकी-बिदरच्या काळ्या रानात, असं हंगामाचं खाणं म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणि तो ऐन थंडीतला.

इथे दुकान उघडायचं-मिटायचं कणसाच्या हाती. दाण्यात दूध आहे तोवर तो चोळताना चिरडतो. निबर झाला की साखरेचं पिष्ट होतं, गोडी जाते. मधले थोडे दिवस काय ते आपले. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची, आणि भाजलेलं कणीस पोळत असतानाच तळहातांत चोळायचं. निवलं की दाणा बोंडातून सुटत नाही. म्हणून हुरडा गाडीत बसून खाता येत नाही. उतरावं लागतं, आगटीभोवती मांडी घालावी लागते. चोळणाऱ्याला स्वतःला खायला उसंत नसते, त्यामुळे थोड्या वेळानं दुसऱ्या कुणीतरी कणीस हाती घ्यावंच लागतं. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, शेजारच्या वावरातला हरभऱ्याचा टहाळ. बाकी काही लागत नाही.

या भागाला रानात जेवणं नवं नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला बिदर, लातूर, धाराशिवची गावंच्या गावं शेतात उतरतात. कडब्याची कोप उभी राहते, पूजा होते. मग भज्जी, उंडे, आंबील. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. मराठी बोलणारा असो की कन्नड, त्या दिवशी तो पाहुणाच. हुरडा याच रीतीतला.

आता पुणे-नगर रस्त्याकडेला तो ताटावर विकला जातो, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. ज्वारीच्या दाण्याला भाव मिळेना, म्हणून किती रानं सोयाबीन-तुरीकडे गेली! हुरड्यानं रोख पैसा येतो, कडबाही उरतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’, तर परभणीनं ‘परभणी वसंत’ हे वाण खास हुरड्यासाठीच काढले. खटकतं ते बर्फात गोठवलेलं, बारमाही मिळणारं पाकीट. दाणा तोच असेल, पण समोर बसून चोळणारं कुणी नाही, आणि आपली पाळीही येत नाही.

सोयाबीन निघालेल्या रानात बांधाकडेला चार तासं तरी गूळभेंडी ज्वारीची पेरावीत. भालकी-हुमनाबाद रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबवाव्यात, हुरडा पोटभर घालावा. आणि त्याचे रास्त पैसेही जरूर घ्यावेत.